सात हलग्या

मैंदर्गीचा चनबसप्पा गाडीवान भित्रा होता. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी त्याला ओढूनताणून शूर ठरवायला नको. माणूस गेला की त्याला मोठं करायची आपल्याकडे भारी हौस. मला ती नाही. तो विंचवाला भ्यायचा, कोर्टाच्या पायरीला भ्यायचा, होटगीच्या फाटकाशी इंजिनानं शिट्टी मारली की बैलांच्या आधी हाच दचकायचा. गावात त्याला 'अंजुबुरक' म्हणत. कानडीत भित्र्याला तोच शब्द आहे. त्याचा त्याला रागही येत नसे. "खरं हाय की," म्हणायचा आणि हसायचा.

चनबसप्पाच्या घरी दोन गाड्या होत्या. एक तो स्वतः हाकायचा आणि दुसरी त्याचा धाकटा भाऊ इरप्पा. इरप्पाचे कान लहानपणीच तापात गेलेले. बोलायचा चांगला, म्हणजे चांगला मोठ्यानं बोलायचा, पण ऐकू काही येत नसे. बहिऱ्या माणसानं रस्त्यावर गाडी हाकायची म्हणजे जिवाशी खेळ. त्यावर या भावांनी आपली एक रीत बसवली होती. चनबसप्पाची गाडी नेहमी पुढं, इरप्पाची मागं. पुढं काही अडचण दिसली की चनबसप्पा आपल्या बैलांना हाक द्यायचा, "होऽ, निल्ल!" निल्ल म्हणजे थांब. ती हाक मागच्या जोडीलाही पुरायची. चारही बैल त्यानंच वासरापासून वाढवलेले, त्याच्या आवाजावर एकदम उभे राहायचे. इरप्पाला वाटायचं, आपली जोडी फार हुशार, पुढची गाडी थांबलेली बघून आपोआप थांबते. ही समजूत कुणी मोडली नव्हती. मोडून मिळणार काय होतं?

मी सोलापुरात विणकरांच्या वस्तीला लागून असलेल्या एका शाळेत शिकवत होते. माझं नाव वच्छला. पोरं मला नुसतंच बाई म्हणत. वर्गात निम्मी पोरं घरी तेलुगू बोलणारी, काही कानडी, काही दखनी, उरलेली मराठी. एका पाटीला चार नावं ऐकायची मला सवय होती. त्या सवयीचं मोल मला पुढं कळलं.

एकोणीसशे तीस सालच्या मे महिन्यात सोलापुरात जे झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. चौक्या जळाल्या, गोळ्या चालल्या, आणि मग शहरावर मार्शल लॉ बसला. माणसं बोचकी बांधून गावोगाव पळाली. डोक्यावर पांढरी टोपी घालायची सोय राहिली नाही. चार माणसं ओट्यावर बसली की पाचवा म्हणायचा, उठा रे बाबांनो. दवंडीवाला आमच्या गल्लीत येऊन ओरडून गेला की ढोल, ताशा, हलगी वाजवून कुणी माणसं गोळा केली तर थेट तुरुंग. ही दवंडी देताना तो स्वतः हलगीच बडवत होता. एरवी आम्ही हसून लोळलो असतो. त्या दिवशी खिडक्या लावून घेतल्या.

त्याच गडबडीत आमच्या शाळेचं छप्पर जळालं. पुढं पंधरवडाभर तिथं शिपायांची एक तुकडी उतरली होती. बाकं, टेबलं, फळे आगीत गेले की चुलीत गेले, याचा पत्ता लागला नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. तुकडी हलली आणि वरून फर्मान आलं की जून महिन्यात शाळा ठरल्या दिवशी उघडलीच पाहिजे. शहर शांत झालंय हे दिसायला हवं होतं ना! छपरावर घाईनं नवे पत्रे पडले, भिंतींना चुना लागला. पण आत बसायला तरटपट्टी नव्हती आणि लिहायला फळा नव्हता. शहरातले सुतार केव्हाच गावाकडं गेलेले. शेवटी सामान मैंदर्गीच्या सुताराकडं करायला टाकलं आणि ते आणायचं काम चनबसप्पाकडं आलं.

त्याची बायको काशम्मा मला पुढं एकदा म्हणाली होती, "बाई, मी पाय धरले वो त्यांचं. म्हनलं, जाऊ नका. तितं मानसाला गोळी घालत्यात." काशम्मा त्याच्याहून धीट होती. तिनं त्याला सांगून पाहिलं की ताप आलाय म्हणून कळवा, बैल लंगडतोय म्हणून कळवा. पण चनबसप्पाला नाही म्हणायची भीती जायच्या भीतीहून मोठी वाटली. सरकारी काम नाकारलं तर नाव कुठंतरी लागेल, आणि एकदा नाव लागलं की ते निघत नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. तो धैर्यानं निघाला नाही. भिऊनच निघाला.

दोन्ही गाड्यांना मिळून एकच पास होता. पुढच्या गाडीत बाकं, टेबलं, खुर्च्या, पाण्याचा रांजण आणि तरटपट्ट्यांच्या वळकट्या. मागच्या गाडीत सात वर्गांचे सात फळे, एकावर एक आडवे ठेवून, मधे कडबा घालून, वरून गोणपाटानं झाकलेले. रंग अजून पुरता वाळला नव्हता म्हणून सुतारानं ते वेगळे, सांभाळून न्यायला सांगितलं होतं. वाटेत वळसंगला मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी कुंभारीजवळ इरप्पाच्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव सैल झाली. आता ती पाचरी मारून, चाक विहिरीवर भिजवून घट्ट करायची म्हणजे वेळ जाणार. आणि पासावर तर लिहिलेलं, दिवस बुडायच्या आत शहरात शिरायचं.

चनबसप्पानं डोक्याला हात लावला. थांबावं तर पास जातो. निघावं तर भाऊ मागं एकटा, बहिरा, हातात कागद नाही. त्यानं इरप्पाला खुणेनं सांगितलं की मी नाक्यावर पोचून तुझं सांगून ठेवतो, तिथंच तुझी वाट बघतो, तू चाक झालं की सरळ ये. इरप्पानं मान हलवली. दोघांच्या गाड्या एकमेकींपासून सुटल्या त्या एवढ्या एकाच वेळी. बैलांनासुद्धा ते रुचलं नाही. मागच्या जोडीतला मल्ल्या बराच वेळ मान उंच करून हंबरत होता.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. काही चनबसप्पानं सांगितलं, काही कुंडलिक हवालदारानं. कुंडलिक बार्शीकडचा, त्या दिवशी नाक्यावर ड्यूटीला तोच होता, आणि पुढं त्याची मुलगी माझ्याच वर्गात आली. नाक्यावर एक गोरा साहेब, आठ-दहा बंदूकवाले शिपाई आणि साहेबाला इथल्या लोकांचं बोलणं समजावून सांगायला हा कुंडलिक. त्याचं इंग्रजी जेमतेम सलाम ठोकण्यापुरतं. "बाई, आमीबी भ्यालोच हुतो की," तो म्हणायचा, "पर खाकी अंगावर असली की भ्यायलेलं दिसत न्हाय."

चनबसप्पानं गाडी उभी केली, खाली उतरला आणि पागोटं काढून हातात घेतलं. पास दाखवला. शिपायांनी बाकं खालीवर करून पाहिली, रांजणात हात घालून पाहिला. सगळं ठीक होतं. साहेबानं जा म्हणून खूण केली. तेव्हा चनबसप्पानं आपणहून तोंड उघडलं, भावासाठी.

"साहेब री, मागनं आनी एक गाडी येतीय. माजा भाऊ हाय."

"तिच्यात काय हाय?" कुंडलिकनं विचारलं.

आता फळ्याला मराठीत फळा म्हणतात हे चनबसप्पाच्या कधी कानावरून गेलं नव्हतं. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. त्याच्या कानडीत फळीला म्हणतात हलगी. काळा फळा म्हणजे करी हलगी. सुतार तेच म्हणत होता, गाडीत चढवणारे गडी तेच म्हणत होते. वाजवायची असते ती पण हलगीच, पण बैलाला बैल म्हणताना माणूस थांबून विचार करतो का?

"हलगी हाय, साहेब," तो म्हणाला.

कुंडलिकचा चेहरा बदलला. "हलगी? किती हायती?"

"सात."

"सात हलग्या! कुनाला पायजेत?"

"पोरास्नी की," चनबसप्पा म्हणाला. त्याला वाटलं, आपण नीट समजावून सांगितलं तर भावाची वाट सोपी होईल. म्हणून तो आणखी बोलला, आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणसापुढं इतकं बोलला. "समदी पोरं गोळा हुत्यात की. मास्तर म्होरं हुबा ऱ्हातोय, हलगीवर हात चालवतोय. मग पोरं मोठ्यानं वरडत्यात."

मी हे आज लिहिते आहे आणि मला हसू येतंय. पण त्या दिवसांत, त्या नाक्यावर, ह्याहून वाईट वाक्य माणसाच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. कुंडलिकनं साहेबाला 'ड्रम' आणि 'क्राउड' हे आपल्याला येणारे दोन शब्द सांगितले. ते पुरले.

साहेब उठला. शिपाई रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाभळीच्या आडोशाला पांगले. चनबसप्पाची गाडी नाक्यामागं आडोशाला नेऊन लावली आणि त्याला खांदा धरून बाभळीआड खाली बसवलं, हात डोक्यावर ठेवायला लावले. काय बिघडलं हे त्याला क्षणभर कळलंच नाही. मग एक शिपाई दुसऱ्याला खुणेनं हलगी वाजवून दाखवू लागला, आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. आणि घाबरला की त्याची मराठी पळून जायची, उरायची फक्त कानडी.

"बरियो हलगी, साहेब! बरियो, बरियो!" तो हातवारे करून सांगू लागला. लिहायची, लिहायची, असं त्याला म्हणायचं होतं.

"बरी हाय का वाईट हाय, ते आमी बगतो," कुंडलिक म्हणाला. "हात वर ठेव. गप बस."

तेवढ्यात रस्त्यावर धूळ दिसली. इरप्पाची गाडी येत होती, रमतगमत, चाक दुरुस्त झाल्याच्या आनंदात. चनबसप्पानं पाहिलं की शिपायांनी बंदुका खांद्याला लावल्या आहेत. कुंडलिक त्याला म्हणाला, सायेबाचा हुकूम हाय, तीनदा थांब म्हनायचं, न्हाय थांबला तर गोळी.

इथं चनबसप्पाला एवढा एक मराठी शब्द सापडला. "भाऊ बहिरा हाय!" तो म्हणाला. "त्याला ऐकू येत न्हाय. बहिरा हाय वो!"

कुंडलिक हे मला सांगताना रडला होता. बहिऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात हे त्याला ठाऊक नव्हतं. तो साहेबाकडं धावला, कानाला हात लावला आणि म्हणाला, "सर, ही नो लिसन. नो लिसन." साहेबानं मान हलवली. ऐकत नाही म्हणजे जुमानत नाही, असाच त्यानं अर्थ घेतला. मराठीतसुद्धा आपण दुसरं काय म्हणतो? कुंडलिकनं आणखी काही सांगायला तोंड उघडलं, तेव्हा साहेबानं हात वर करून त्याला गप्प केलं.

पहिल्यांदा "हॉल्ट" झालं. गाडी येत राहिली.

चनबसप्पाच्या मागं एक शिपाई बंदूक घेऊन उभा होता. हललास तर बघ, असं त्यानं आधीच खुणेनं सांगितलेलं. चनबसप्पा मला म्हणाला होता, "बाई, धोतर वलं झालं, तेबी कळलं न्हाय." तो समोर बघत होता. इरप्पा कासरा सैल धरून बसलेला, मान एका बाजूला, बहुधा उन्हानं डुलकी लागलेली. लहानपणी दोघं एकाच घोंगडीत झोपायचे. इरप्पाचे कान गेले त्या तापात ह्यानंच त्याच्या कपाळावर ओली फडकी ठेवली होती आणि तेव्हापासून त्याच्या वाटचं ऐकायचं काम ह्यानं आपल्या अंगावर घेतलं होतं.

दुसऱ्यांदा "हॉल्ट" झालं. आवाज मोठा होता. कावळे उडाले. इरप्पानं मान वर केली नाही.

गाडी आता हाकेच्या अंतरावर आली होती.

चनबसप्पा उठला. डोक्यावरचे हात खाली आले, तो दोन पावलं पुढं पडला आणि त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी हाक त्यानं दिली. "होऽऽ! निल्लऽऽ! मल्ल्या, निल्लऽऽ!" माणसाला नव्हे, बैलाला. मागून बंदुकीचा दस्ता त्याच्या गळ्याजवळच्या हाडावर बसला आणि तो तोंडावर पडला. पण हाक गेली होती.

मल्ल्या जागच्या जागी उभा राहिला. जोडीदारही थांबला. गाडी थांबली.

आता तरी संपावं की नाही? पण नाही. इरप्पा धक्क्यानं जागा झाला. त्याला समोर पुढची गाडी दिसेना, अडथळा दिसेना, आणि बैल तर मधोमध रस्त्यात उभे. त्यानं कासरा झटकला. मल्ल्या हलला नाही. त्यानं आसूड उचलून पाठीवर ओढला, एकदा, दोनदा. चनबसप्पा धुळीत पडून बघत होता, आणि शिपाई बंदुकीच्या नळीवरून बघत होते. बैल एक पाऊल पुढं टाकतो की काय, एवढाच प्रश्न होता. मल्ल्यानं कातडी थरथरवली, शेपूट हलवलं, आणि मान खाली घालून मार खाल्ला. मालकानं थांब म्हटलं होतं, आणि पुढं चल अजून म्हटलं नव्हतं.

शेवटी इरप्पा वैतागून खाली उतरला. जुवाखाली काही टोचतंय का बघायला बैलांच्या पुढं आला, वाकला, आणि वाकलेला असतानाच त्याला बाभळीखालचे बूट दिसले. मग त्यानं वर पाहिलं. हात वर करा म्हणून त्याला ऐकवावं लागलं नाही.

शिपायांनी गोणपाट ओढून काढलं, कडबा उपसला. खाली फळे. साहेब स्वतः जवळ गेला, बोट फिरवलं, बोट काळं झालं. त्यानं ते बोट डोळ्यांपुढं धरलं, कुंडलिककडं पाहिलं, आणि खो खो हसत सुटला. "ब्लॅकबोर्ड," तो म्हणाला. शिपाईही हसले. कुंडलिकही हसला, कारण साहेब हसत होता. चनबसप्पाला कुणीतरी काखेत हात घालून उभं केलं आणि जा म्हणून सांगितलं. त्याला फक्त एवढंच विचारायचं होतं की हसलं म्हणजे सुटलो का. पण त्याच्या तोंडून आवाजच निघेना.

दिवस बुडता बुडता दोन्ही गाड्या आमच्या शाळेपाशी आल्या. मी सकाळपासून वाट बघून कंटाळले होते आणि माझा राग तसा लवकर येणाऱ्यांतला. दोन शब्द सुनवायचे म्हणून बाहेर आले, तर हा माणूस गाडीवर एका बाजूला झुकून बसलेला, डावा हात छातीशी धरलेला, चेहरा चुन्याच्या भिंतीसारखा. मागून इरप्पा उतरला आणि मोठ्यानं तक्रार करू लागला. "बाई, ह्यो मल्ल्या लई माजलाय! भर रस्त्यात हुबा ऱ्हायला. मारून मारून हात दुकला, हलंना. त्याच्यापायी येळ झाला." मल्ल्याच्या पाठीवर वळ उठले होते. नाक्यावर झडती झाली, त्यात भावाला मार बसला, फळे बघून सोडलं, एवढंच इरप्पाला समजलेलं. आपल्यावर बंदुका कशासाठी रोखल्या होत्या आणि त्या का सुटल्या नाहीत, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"काय काय आणलंत?" मी चनबसप्पाला विचारलं. तो उतरून मागच्या गाडीपाशी गेला. गोणपाटाचं टोक उजव्या हातानं वर केलं, मला आत बघू दिलं, आणि परत झाकलं.

"अगंबाई, फळे आले!" मी म्हणाले.

"फळा," तो हळूच म्हणाला. "फळा. फळा." पहिलीतलं पोर नवा शब्द घोकतं तसा तो घोकत राहिला, आणि मग माझ्यासमोर ढसाढसा रडला. मला काही कळेना. मी पाणी आणलं. पाण्याचा तांब्या त्याच्या दातांवर वाजत होता.

शाळा ठरल्या दिवशी उघडली. फळ्यांना अजून रंगाचा वास येत होता आणि पोरांनी हात लावून लावून सदरे काळे केले. तपासायला आलेल्या मंडळींनी शहर शांत असल्याचं समाधान व्यक्त केलं. फळे सात होते; त्यातल्या एकाच्या कोपऱ्यावर साहेबाचं बोट उमटलेलं तसंच वाळलं होतं. मी त्या वर्गात बरीच वर्षं शिकवलं. त्या कोपऱ्यात मी कधी काही लिहिलं नाही.

चनबसप्पाचं हाड वाकडं का होईना, जुळलं. मार्शल लॉ उठला, पांढऱ्या टोप्या परत दिसू लागल्या, लग्नांत हलग्या वाजू लागल्या. त्याची भीती मात्र उठली नाही. सोलापूरच्या शिवेत शिरला की तो कानडीचा एक शब्द बोलत नसे. काशम्मा सांगायची, घरीसुद्धा हलगी म्हणायचं झालं की आधी दाराकडं बघतात. आणि दुसरं म्हणजे, त्याची हाक गेली. बोलणं होतं, पण मोठ्यानं ओरडायला गेला की घशातून नुसता वारा निघायचा. मग भावांची ती जुनी रीत बंद पडली. इरप्पाच्या बैलांना दोर लावून त्याचं टोक चनबसप्पाच्या गाडीच्या मागं बांधू लागले. इरप्पा येईल-जाईल त्याला सांगायचा की मल्ल्या अडेल निघाला म्हणून हा दोर. एकदा तर त्यानं मल्ल्याला दुधनीच्या बाजारात विकायला काढलं. तेव्हा म्हणे हा अंजुबुरक दारात आडवा उभा राहिला होता, आणि कारण विचारलं तर एक अक्षर बोलला नाही.

शाळांचं सामान आणायचं काम त्यानं सोडलं नाही. ते सोडायचीही त्याला भीती वाटली असेल. दर जूनला तरटपट्ट्या, रांजण, खडूच्या पेट्या घेऊन यायचा. थोडं थोडं करून त्यानं मला हे सगळं सांगितलं, दर वेळी इरप्पाची पाठ असताना. त्याला ओठांवरून थोडंफार कळायचं ना, म्हणून.

सदतीस साली आम्हाला नवा वर्ग मिळाला आणि त्याच्यासाठी फळा आला. त्या वेळी गाडीला मल्ल्या नव्हता. तो उन्हाळ्यात म्हातारपणानं गेला होता. इरप्पा फळा उतरवता उतरवता मला म्हणाला, "गेला बाई आमचा अडेल बैल. बैल ग्वाड हुता, पर त्या दिशी भर रस्त्यात त्यानं माजी लई फजिती केली." आणि रांजण भरायला आडाकडं गेला.

मला राहवलं नाही. सात वर्षं मी हे ऐकत आले होते. मी म्हणाले, "चनबसप्पा, आता तरी सांगा त्याला. त्या बैलानं त्याचा जीव वाचवला. तुम्ही वाचवला. कळू द्या की त्याला."

चनबसप्पा फळ्याला टेकून उभा होता. त्यानं आडाकडं पाहिलं. इरप्पा पोहरा ओढता ओढता आपल्याच नादात मोठ्यानं काहीतरी गुणगुणत होता, सुरात अजिबात नाही.

"नको बाई," तो म्हणाला. "सांगितलं तर त्याला भ्या वाटंल की. रस्त्यानं जाताना दर बाभळीकडं बगंल. रात्रीचा दचकून उठंल." त्यानं फळ्याची कड हातानं पुसली. "आमच्या घरात मी एकटा भितोय, तेवढं बास हाय."